आधी पंचनामा वाच

प्रिय,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण फोनवर अंगठ्याने टाइप करून भागेल असं ते उत्तर नव्हतं. विधी सेवा प्राधिकरणाने तुला एका खुनाच्या खटल्यात ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली नेमलंय. मूल सात वर्षांचं होतं, आरोपी त्याच चाळीतला. घरी आईने जेवता जेवता विचारलं, "अशा माणसाला वाचवायला तुला शिकवलं का आम्ही?" त्यावर तू मला तीन प्रश्न पाठवलेस. फाशी न्याय्य आहे का, फाशीची जरब बसते का, आणि हे काम घेऊ की सोडू?

घाबरू नकोस, तुझ्यात गुण आहेत वगैरे मी लिहिणार नाही. मूल गेलं याने तूही हललायस आणि मीही, हे धरून पुढे जाऊ. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. फाशीवर मत बनवायच्या आधी पंचनामा वाच.

तुझ्या मेसेजमध्ये 'दुर्मिळातील दुर्मिळ' हे शब्द चारदा आलेत. आरोपपत्रातल्या एकाही कागदाचा उल्लेख नाही. हे मला बोचलं. अरे, फाशी कधी द्यायची हे ठरवणारे ते शब्द सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालातले आहेत, चार विरुद्ध एक अशा बहुमताचे. विरोधातलं एक मत न्यायमूर्ती भगवती यांचं. बहुमतानेही फाशी सरसकट द्या असं म्हटलेलं नाही. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघा, आणि हा माणूस सुधारण्यापलीकडे गेलाय हे सरकारने पुराव्याने दाखवावं, असं ते म्हणाले. तीन वर्षांनी मच्छी सिंग निकालात गुन्ह्यांचे पाच प्रकार सांगितले गेले, आणि तिथून न्यायालयांत गुन्ह्याचं वर्णन वाढत गेलं, माणूस मागे पडला. १९९६ च्या एका निकालाने तर सांगूनच टाकलं की शिक्षा ठरवताना गुन्ह्याकडेच पाहायचं. पुढे कित्येक निकाल त्याच्या आधाराने लिहिले गेले. २००९ मध्ये, आपल्याच महाराष्ट्रातल्या एका अपिलात, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की ते बच्चन सिंगच्या विरुद्ध होतं. २०१२ साली १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून १३ जणांची फाशी रद्द करायची विनंती केली. त्याच चुकीने शिक्षा झालेल्या आणखी दोघांना तोवर फाशी होऊन गेली होती. तुझ्या पहिल्या प्रश्नावर विचार करताना हे दोघं डोळ्यांसमोर ठेव. त्यांचं अपील आता कोण ऐकणार?

तू म्हणशील, ते कायद्याच्या अर्थाचं झालं, पंचनाम्याचं काय? सांगते. आणि लांबचं उदाहरण देत नाही.

११ जुलै २००६. पश्चिम रेल्वे, संध्याकाळची घरी परतायची वेळ, पहिल्या वर्गाचे डबे. सात स्फोट, १८९ माणसं गेली. २०१५ मध्ये विशेष मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. फाशीच्या पाचांतला एक जण २०२१ मध्ये तुरुंगात असतानाच वारला होता. सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश दिला आणि सरकारच्या अपिलावर नोटीस काढली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

आता उच्च न्यायालयाने काय पाहिलं ते बघ. ओळख परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याची मुदतच संपलेली होती, म्हणजे परेड घ्यायचा अधिकार त्याला नव्हता. टॅक्सीचालक साक्षीदार शंभराहून जास्त दिवस गप्प होते आणि नंतर त्यांना चेहरे आठवले. वेगवेगळ्या माणसांच्या कबुलीजबाबांत तीच ती वाक्यं. जप्त केलेल्या वस्तू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नीट सीलबंद राहिल्या हे सिद्ध झालं नाही. यात फाशी क्रूर आहे की नाही याचा कुठे संबंध आला का? सगळा खेळ मुदत, तारीख, सही आणि सीलची लाख यांचा. या चार गोष्टींवर पाच माणसांचे जीव जवळजवळ दहा वर्षं टांगलेले होते.

आणि दुसरी बाजू मी तुला विसरू देणार नाही. १८९ घरांना एकोणीस वर्षांनी काय मिळालं? बॉम्ब कोणी ठेवले याचं उत्तर अजून त्यांच्या हातात नाही. कच्चा पंचनामा निरपराध्याला फासापर्यंत नेतो आणि खऱ्या गुन्हेगाराला मोकळं सोडतो, दोन्ही एकाच कागदाने. म्हणून म्हणते, पंचनामा वाच.

कसा वाचायचा? घड्याळ घेऊन बस. प्रत्येक पंचनाम्याची सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ एका कागदावर उतरव, शेजारी स्टेशन डायरीतल्या नोंदी लिही. समजा, निवेदन पंचनामा अंधेरीच्या पोलीस ठाण्यात दुपारी २.१० ला सुरू झाला, आरोपीने "चाकू लपवलेली जागा दाखवतो" असं सांगितलं, सगळे विरारच्या खाडीवर गेले, चाकू काढला, सील केला, सह्या घेतल्या आणि ३.१५ ला पंचनामा संपला. तू रोज त्या रस्त्याने जातोस. मला सांग, हे होतं का? मग पंच बघ. तेच दोघे पंच घटनास्थळ, कपडे आणि जप्ती अशा तिन्ही पंचनाम्यांवर आहेत का? राहतात कुठे, आणि आधी किती खटल्यांत पंच होते? शेवटच्या चार ओळी सह्यांच्या वर दाटीवाटीने बसवलेल्या दिसल्या तर मूळ प्रत न्यायालयात उघडून बघ, झेरॉक्सवर शाईचा फरक कळत नाही.

त्यानंतर मुद्देमालाचा प्रवास. रक्ताचे डाग असलेला शर्ट कुठल्या तारखेला जप्त झाला, मुद्देमाल रजिस्टरमध्ये कुठल्या तारखेला चढला, कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत कोण घेऊन गेला, पोच कुठल्या तारखेची. मधल्या दिवसांत तो कुणाच्या ताब्यात होता? सीए रिपोर्टमध्ये, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालात, सील शाबूत असल्याचं लिहिलं असेल, पण सीलचा नमुना जोडला होता का, आणि लेबलवर पंचांच्या सह्या होत्या का? तो शर्ट साक्षीत दाखवला जाईल तेव्हा जागेवर बसून लांबून पाहू नकोस. परवानगी घेऊन हातात घे. लेबलाची गाठ, लाखेवरचा ठसा, कागद कुठे फाटलाय, सगळं बघ. डीएनएचा अहवाल असला की वकील आधीच हात टेकतात. अरे, अहवाल बरोबर असला तरी नमुना त्याच माणसाचा होता हे बाटलीवरच्या लेबलावरूनच ठरतं.

ओळख परेड असेल तर एका संशयितामागे निदान सहा तशाच बांध्याची, तशाच वयाची माणसं उभी होती का, ते बघ. त्याआधी आरोपीचा फोटो टीव्हीवर किंवा मोबाईलवर फिरला होता का, हे विचार. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच ठरवली. २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला सांगितले. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार बाईंनी पोलिसांच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं. तो धागा पुढे कुणी ओढलाच नाही. तो कागद पहिल्यापासून तिथे होता. सोळा वर्षांत तीन न्यायालयं होऊन गेली.

आता जरबेबद्दल. यावर तू दोन बाजू मांडून मधे उभा राहिलायस, ते मला पटत नाही. आकडे बघ. त्रावणकोरमध्ये १९४४ साली फाशी बंद झाली होती. १९४५ ते १९५० या काळात तिथे ९६२ खून झाले. भारतात विलीन झाल्यावर फाशी परत आली आणि १९५० ते १९५५ मध्ये ९६७ खून झाले. कॅनडाने १९७६ मध्ये फाशी रद्द केली, त्यानंतर तिथलं खुनाचं प्रमाण वाढलं नाही, उतरत गेलं. फाशीमुळेच किंवा फाशी नसल्यामुळेच असं होतं, असा दावा मी करत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये तीन दशकांचे अभ्यास तपासून हेच म्हटलं की त्यांतून फाशीने खून वाढतात, घटतात की काहीच होत नाही, यांतलं काहीच ठरवता येत नाही. ज्याला फाशी हवी त्याने जरब सिद्ध करावी. जीव घेणाऱ्या शिक्षेच्या बाबतीत संशयाचा फायदा सरकारने मागायचा नसतो.

पण आकड्यांपेक्षा शक्ती मिलचं उदाहरण मला जास्त शिकवतं, आणि ती जागा तू महालक्ष्मीहून जाताना बघतोसच. बलात्काराच्या दुसऱ्या गुन्ह्याला फाशीची तरतूद ३ फेब्रुवारी २०१३ पासून लागू झाली. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीने बलात्काराला फाशी नको असं सांगितलं होतं, तरीही. त्याच वर्षी ३१ जुलैला शक्ती मिलच्या आवारात पहिला सामूहिक बलात्कार झाला आणि २२ ऑगस्टला दुसरा. फाशीचा कायदा त्या पोरांना ठाऊक होता की नाही, कोण जाणे. पण पहिल्या गुन्ह्याला तीन आठवडे झाले आणि आपल्याला कुणी हात लावला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिली मुलगी तक्रार द्यायला पुढे आली ती दुसऱ्या घटनेनंतर. तिला दोष देऊ नकोस. ऑगस्टच्या आधी आपण तिला पोलीस ठाण्यात जायला भरवसा वाटेल असं काय ठेवलं होतं? जरब तिथे हवी होती, पहिल्या तक्रारीपाशी. दुसऱ्या घटनेनंतर पोलिसांनी काही दिवसांत सगळे धरले, सात-आठ महिन्यांत दोष सिद्ध झाला. हे काम खरं जरबेचं, आणि ते फाशीशिवायही तितकंच जरबेचं राहिलं असतं. ४ एप्रिल २०१४ ला तिघांना फाशीची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती बदलून पॅरोल-फर्लोशिवायची जन्मठेप केली, आणि शिक्षा घाईत ठरवली गेली याकडे बोट दाखवलं.

देशभराचं सांगते. २०२२ मध्ये बलात्काराचे जे खटले निकाली निघाले त्यांत दोषसिद्धी २७ टक्क्यांच्या आसपास होती. चारातले तीन सुटतात. त्याच वर्षी सत्र न्यायालयांनी १६५ फाशीच्या शिक्षा सुनावल्या, त्यांतल्या ३८ एकट्या अहमदाबाद स्फोट खटल्यात. आणि २००० ते २०२० या काळात प्रत्यक्ष फाशी किती? आठ. गुन्हा करणारा या हिशेबात कुठला आकडा पाहील असं तुला वाटतं? लहान मुलांवरच्या अत्याचारात तर नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीचे असतात, काका, शेजारी, शिकवणीचे सर. तिथे फाशीची भाषा केली की घरातली माणसं तक्रारच दाबतात, आणि खुनाला तीच शिक्षा आहे हे कळलेला माणूस साक्षीदार मूल जिवंत ठेवील का, हा प्रश्न मला झोपू देत नाही. कसाबचं नाव तुझ्या आईने घेतलं असेल. घेऊ दे. त्याच्याविरुद्ध सीसीटीव्ही होतं, डोळ्यांनी पाहणारी माणसं होती, त्याला वकील दिला गेला आणि चार वर्षांत येरवड्यात फाशी झाली. पुरावा पक्का होता. पण तो आणि त्याचे नऊ साथीदार मरायच्या तयारीने समुद्रातून आले होते. त्यांना फाशीचं भय कुणी घालायचं होतं?

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त खंत आहे ती. आमच्या पिढीने शिक्षेची सुनावणी हलकी घेतली. दोषी ठरवल्यावर न्यायाधीश विचारायचे, शिक्षेबद्दल काही सांगायचंय का? आम्ही उठायचो आणि तीन वाक्यं म्हणायचो: वय लहान, पहिलाच गुन्हा, घरी म्हातारे आईवडील. बसायचो. कायद्याने वेगळी सुनावणी दिलेली आहे, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम २५८, आणि फाशीसाठी खास कारणं लिहायची सक्ती कलम ३९३ मध्ये आहे. ती संधी आम्ही वर्षानुवर्षं चहाच्या सुट्टीत संपवली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीची मानसिक तपासणी, कौटुंबिक पार्श्वभूमी, तुरुंगातली वागणूक हे सगळं सत्र न्यायालयापुढेच आलं पाहिजे आणि सरकारनेही ते आणलं पाहिजे. मग तुझी सबब काय? दोष सिद्ध होईपर्यंत थांबू नकोस. वकीलपत्रावर सही झाल्या दिवसापासून ते काम सुरू कर.

गावी जा. फोनवर भागवू नकोस. आईशी, भावाशी, शाळेतल्या शिक्षकांशी वेगवेगळं बस, एकाच खोलीत सगळे असले की मार, दारू, वेड यांबद्दल कुणी बोलत नाही. पहिल्या भेटीत काहीच मिळणार नाही, चौथ्या-पाचव्या भेटीत बापाने डोक्यात घातलेल्या लाकडाची गोष्ट निघेल, मग त्याचे दवाखान्याचे कागद शोध. आणि वय. शाळा सोडल्याचा दाखला बघच, पण तेवढ्यावर थांबू नकोस, जनरल रजिस्टरमधली मूळ नोंद बघ. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार शाळेचा दाखला आधी, मग पालिकेची किंवा ग्रामपंचायतीची जन्मनोंद, हाडांची तपासणी अगदी शेवटी. पुण्यातल्या १९९४ च्या सात जणांच्या हत्याकांडात एकाला फाशी झाली आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. मार्च २०२३ मध्ये ठरलं की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. अठ्ठावीस वर्षं आत काढली त्याने. पुरावा राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीत होता, तिथे त्याचं नाव जरा वेगळं लिहिलेलं होतं. एवढंच. हाही पंचनाम्यासारखाच एक कागद, आणि तोही कुणीतरी वाचायचा राहिला होता.

उच्च न्यायालय फाशी कायम करताना पुरावा नव्याने तपासतं हे खरं, दोन न्यायमूर्ती बसतात. तेवढ्यावर विसंबू नकोस. उलटतपासात न विचारलेला प्रश्न वरच्या न्यायालयात विचारता येत नाही. आणि सगळं होऊन फाशी कायम झाली तरी पुढे काय होतं, ते पुण्यातल्या २००७ च्या, बीपीओत काम करणाऱ्या मुलीवरच्या बलात्काराच्या आणि खुनाच्या खटल्यात दिसलं. शिक्षा सर्वोच्च न्यायालयात कायम झाल्यावर दयेच्या अर्जांत आणि वॉरंट काढण्यात चार वर्षांहून जास्त काळ गेला. त्या विलंबापायी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. त्या मुलीच्या घरच्यांना इतकी वर्षं 'आता होईल' म्हणून ताटकळत ठेवण्यात कुठला न्याय होता?

माझं मत तुला आता कळलंच असेल. ३ जून १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की अपिलाच्या सोयी वाढवत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करायला आपण पाठिंबा देऊ. विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध वगळता फाशी काढून टाकायची शिफारस केली. मी तो अपवादही ठेवणार नाही, कारण ११ जुलैचा खटला त्याच अपवादात बसतो. पण माझं मत तू उसनं घेऊ नकोस. फाशी हवी असं तुला वाटत असेल, तरीही काम हेच आहे. त्या मताच्या माणसाला तर पंचनामा जास्तच नीट वाचायला हवा.

लोक म्हणतात, असले आरोपी घेणारे वकील पैशाचे किंवा प्रसिद्धीचे भुकेले. विधी सेवेच्या फीमध्ये काय मिळतं ते तुला दिसेलच. समोरच्या बाकावर मुलाची आई बसलेली असताना आरोपीच्या बाजूने उभं राहणं जड जातं, ते हलकं करून सांगणार नाही. तरीही मी चुकीचं केलं असं मला वाटत नाही, आणि या वयात वाटून घेणारही नाही. कुणीतरी उभं राहून सील तपासलं नाही, तर त्या आईला मिळालेला निकाल दहा वर्षांनी वरच्या न्यायालयात कोसळेल. मी दोघांसाठी उभी राहते, असं मी मानते. हे तुझ्या आईला पटेल का, सांगता येत नाही. वाद घालू नकोस तिच्याशी. तिचा राग खरा आहे.

एक बजावते. उलटतपासात मुलाच्या आईला वेळा आणि तारखा विचार, तेवढंच. "मुलाला एकटं का सोडलं?" हा प्रश्न तुझ्या तोंडून आला तर माझ्याकडे येऊ नकोस.

काम घे. सोमवारी सकाळी साडेनऊला चेंबरवर ये, गर्दीच्या आधी. आरोपपत्राची पूर्ण प्रत आण, नुसती पहिली पन्नास पानं नकोत. येण्याआधी सगळ्या पंचनाम्यांच्या वेळांचा तक्ता कर, आणि मुद्देमाल कलिन्याला कुठल्या तारखेला गेला, कोणी नेला, ते पान शोधून त्यावर चिठ्ठी लावून ठेव.

तुझी,
मॅडम